समुद्रातला मासा अळणी कसा?

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर विहारात मुलांचा वर्ग भरला होता. विषय होता ‘आपले शरीर’. बोलता बोलता सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, पापलेट जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतं. मग आई कालवणात वरून मीठ का टाकते?” पोरं हसली. मागे भिंतीला टेकून बसलेली मोठी माणसेही हसली. पन्नास-साठ वर्षे मासळी खाणारी ही माणसे; पण हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला कधी पडला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हालाही नाही.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर शोधता शोधता मासळीपासून झाडापर्यंत, पक्ष्यांपासून घारापुरीच्या लेण्यांपर्यंत आणि शेवटी आपल्या मूत्रपिंडापर्यंत जावे लागते. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्या मुलीच्या प्रश्नाला दिले आहे.

मिठाच्या गावात

उरणकरांना मिठाची ओळख करून द्यायला नको. उधाणाचे पाणी आगरात घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने आटवायचे आणि तळाशी दाणा धरला की ओढून रास करायची, हे काम इथे पिढ्यानपिढ्या चालत आले. ‘आगरी’ हा शब्दच आगरावरून आला. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले, पुढे कंटेनरची गोदामे वाढली आणि मिठागरे आक्रसत गेली. तरी समुद्र तोच आहे आणि त्याचा खारटपणाही तोच. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सर्वात मोठा वाटा मिठाचा. म्हणजे दहा लिटरची बादली पूर्ण आटवली तर तळाशी सुमारे ३५० ग्रॅम क्षार उरतील.

आता आपल्या रक्ताकडे पाहू. दवाखान्यात जी साध्या मिठाची सलाईन लावतात तिच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, कारण रक्तातल्या द्रवाचा खारटपणा साधारण तेवढाच आहे. पापलेटच्या रक्ताचा खारटपणाही समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे आपल्या रक्ताच्या बराच जवळ आहे. तो मासा समुद्रात राहतो, पण समुद्र आपल्या अंगात शिरू देत नाही.

हे तो कसे साधतो? बाहेरचे पाणी जास्त खारट असल्यामुळे माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ती तूट भरून काढायला मासा समुद्राचे पाणी पितो. पाण्याबरोबर आलेले जादा मीठ त्याच्या कल्ल्यांतल्या खास पेशी परत समुद्रात ढकलतात. श्वास घ्यायचा तोच अवयव, मीठ बाहेर टाकायचाही तोच. नदी-तळ्यातल्या रोहूचा व्यवहार नेमका उलटा असतो. तो पाणी जवळजवळ पीत नाही, आणि अंगात आपोआप शिरणारे पाणी भरपूर पातळ लघवीवाटे काढून टाकतो.

सगळ्यांचीच रीत अशी नाही. कालवं समुद्राशी भांडत नाहीत. बाहेर जेवढे खारट, तेवढीच ती आतून खारट होतात. म्हणून कालवांच्या कालवणात मीठ टाकताना जुन्या बाया हात आखडता घेतात. मुशीने तिसराच मार्ग काढला आहे. लघवीवाटे आपण जो युरिया टाकून देतो, तो मुशी रक्तात साठवून ठेवते आणि त्याच्या जोरावर अंगातले पाणी राखते. मुशी मेल्यावर जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. शिळ्या मुशीला नाकात झोंबणारा वास का येतो, याचे कारण हे.

पान चाटून पाहा

आता खाडीकडे वळू. आपल्या भागात खाडीकाठी सर्वात जास्त दिसणारे झाड म्हणजे तिवर. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्याची मुळे श्वासासाठी असतात, कारण त्या चिखलात प्राणवायू फार कमी मिळतो. याचे मूळ पाणी ओढतानाच बहुतेक मीठ बाहेर अडवते. तरी जे थोडे आत येते ते पानांवरच्या बारीक ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दुपारी तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात. पान जिभेला लावले तर खारट लागते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. पान मात्र गटाराच्या किंवा कंपनीच्या पाण्याजवळचे नको.

भाताच्या रोपाकडे अशी सोय नाही. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की पीक कसे करपते, हे उरण-पनवेलच्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ ही भाताची वाणे तयार केली, ती खारटपणा इतर भातापेक्षा जास्त सोसतात. पण सोसण्यालाही मर्यादा आहे. वाण कितीही चांगले असले तरी मिठागराच्या वाफ्यात भात येत नाही.

नाकातून मीठ, डोळ्यांतून मीठ

हिवाळ्यात पाणजे आणि आसपासच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचा गुलाबी रंग जन्मापासूनचा नसतो. पिल्लू राखाडी असते. शेवाळातली आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांतली रंगद्रव्ये पोटात जाऊन पिसे गुलाबी होतात. खाऱ्या पाण्यात चोच उलटी बुडवून खाणारा हा पक्षी मिठाचे काय करतो? त्याच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. त्या रक्तातले मीठ वेचतात आणि घट्ट खारे पाणी नाकपुडीतून गळून जाते. समुद्रावरच्या कुरव पक्ष्यांतही हीच व्यवस्था आहे. कुरवाच्या नाकातून गळणारे थेंब तर समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असतात.

कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासविणीच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ती वेदनेने रडते असे आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकत असतात. ती समुद्रात असतानाही हे चालूच असते. वाळूवर आल्यावर आपल्याला दिसते एवढेच.

दगडालाही मीठ बाधते

घारापुरी बेट आपल्या उरण तालुक्यातच येते. तिथल्या मुख्य लेण्यातली अठरा-वीस फुटी त्रिमुखी मूर्ती जगाला माहीत आहे; १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेषही आहेत. सहलीला जाणारे बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. आपण तरी जावे.

लेण्यात जाल तेव्हा भिंती आणि खांबांचे तळ नीट पाहा. पोर्तुगीजांच्या काळात मूर्तींची मोडतोड झाली हे आपण ऐकतो. पण शेकडो वर्षे शांतपणे मोडतोड करणारा आणखी एक आहे, तो म्हणजे खारा वारा. ओल्या हवेबरोबर मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते. उन्हात ओल सुकली की मिठाचे खडे बनतात. खडा वाढायला जागा मागतो आणि दगडाला आतून रेटतो. पुन्हा पावसाळा, पुन्हा ओल, पुन्हा उन्हाळा. असे होत होत दगडाचा पापुद्रा सुटतो. बेसॉल्टसारखा टणक काळा दगडही यातून सुटत नाही. मिठाला बाहेर जायला वाट नसली की काय होते, ते इथे डोळ्यांना दिसते.

आपले मूत्रपिंड: मोठे कष्टाळू, पण चिकट

आता माणसाकडे येऊ. आपल्याला मीठ टाकणारे कल्ले नाहीत, पानावरच्या ग्रंथी नाहीत, रोहितासारखे नाक नाही. आपले अश्रू खारट असतात, पण साठलेले मीठ त्यातून कमी होत नाही. घामातून मीठ जाते, परंतु घामाचे खरे काम अंग थंड ठेवणे हे आहे. खरा भार दोन मूत्रपिंडांवर, म्हणजे आपण ज्यांना किडन्या म्हणतो त्यांच्यावर असतो.

मुठीएवढ्या या अवयवाचा हिशेब ऐकून थक्क व्हायला होते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर सोडतात. त्या १८० लिटरबरोबर किलोभराहून अधिक मीठ गाळले जाते आणि त्यातले ९९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा रक्तात परत घेतले जाते. रोज!

इतके मीठ परत घेण्याची काय गरज? माणसाच्या इतिहासातला फार मोठा काळ मिठाच्या तुटवड्यात गेला. कंद, फळे, शिकार यांत मीठ थोडेच. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला ते जपून वापरावे लागे. म्हणून आपले शरीर मीठ राखायला शिकले. भरपूर मीठ फेकून द्यायला तितकेसे शिकले नाही. समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी आपले मूत्रपिंड बनवू शकत नाही. म्हणूनच होडीत अडकलेला तहानेला माणूस समुद्राचे पाणी प्यायला, तर ते मीठ बाहेर काढायला प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्च होते आणि तो आणखी लवकर सुकतो.

एका ओळीत सांगायचे तर मासा, झाड आणि पक्षी यांच्याकडे मीठ टाकण्याचे दार आहे. आपल्याकडे दार लहान आहे आणि कोठार मोठे. जादा मीठ शरीरात राहिले की ते पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. तो वर्षानुवर्षे राहिला की वाहिन्या कडक होतात, हृदय थकते, आणि ज्या मूत्रपिंडाने मीठ काढायचे तेच निकामी होऊ लागते.

दुखत नाही म्हणून कळत नाही

वाढलेल्या रक्तदाबाची मोठी अडचण ही की तो बहुधा काहीच त्रास देत नाही. आमच्या ओळखीतले एक काका बंदरावर ट्रेलर चालवायचे. तपासणीत दाब जास्त निघाला, गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी “आता बरं वाटतंय” म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केली. एका सकाळी चहाचा कप हातातून गळाला आणि तोंड वाकडे झाले. घरच्यांनी आधी तेल चोळले, मग वारे गेले म्हणून कुणाला तरी दाखवले. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. आज ते काठी धरून चालतात, पण उजवा हात कामाचा राहिला नाही. बरे वाटत होते ते गोळीमुळे, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितले नव्हते.

म्हणून हे पाठ करा. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट अचानक झाली तर चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

पाकिटावर तारीख लिहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचे, पापड सगळे आले. भारतात सरासरी माणूस याच्या दीडपट ते दुप्पट मीठ खातो.

आपल्या घरी किती खाल्ले जाते हे पाहायला यंत्र लागत नाही. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २० ग्रॅम होतात आणि किलोभर मीठ ५० दिवस पुरते. पिशवी ३० दिवसांतच संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर मीठ वापरले गेले. त्यात बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटे, पापड धरलेलेच नाहीत.

सुक्या मासळीबद्दल अनेकजणी विचारतात. सुकी मासळी आपल्या घरातली पावसाळ्याची बेगमी आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण फरक ओळखा. बोंबील आणि जवळा बहुधा मीठ न लावता उन्हात वाळवतात. खारा बांगडा आणि इतर खारवलेली मासळी मिठात मुरवलेली असते. रक्तदाब असलेल्याने पहिली खावी, दुसरी क्वचित. आणि खायचीच तर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, कालवणात वेगळे मीठ न घालता.

पाकीटबंद खाऊवर ‘सोडियम’ किती ते लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे. सैंधव किंवा काळे मीठ महाग असले तरी त्यातही मुख्यतः सोडियमच असते. दाबावर तो उपाय नव्हे.

आणि सलाईन! “अंगात ताकद नाही, एक बाटली लावा” हा आग्रह आपल्या वस्त्यांत अजून चालतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलेल्याला ती जीवदान देते. नुसत्या थकव्याला तिचा उपयोग नाही, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ती घातक ठरू शकते. रोजंदारीचे पैसे बाटलीवर घालवण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मीठ वैरी नाही

हे वाचून कुणी मीठ एकदम तोडू नये. मिठाशिवाय स्नायू हलत नाही, मज्जातंतूतून संदेश जात नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखर असली की आतडे मीठ आत घेते आणि मिठामागून पाणी येते, एवढेच त्यातले तत्त्व. घरी ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला.

मिठागरावर, गोदीत किंवा बांधकामावर उन्हात राबणाऱ्याला पाणी आणि थोडे मीठ दोन्ही लागते. त्याने ताक, लिंबूपाणी, पेज जरूर घ्यावी. गरोदर बाईने आणि मुलांनी आयोडीनयुक्त मीठच खावे. आगरातून आणलेल्या खड्यात आयोडीन मिसळलेले नसते, आणि आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मीठ कमी करा, पण आहे ते आयोडीनचे असू द्या.

थोडक्यात काय करावे:

• तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तो मोफत मोजतात.

• वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

• ताटात वरून मीठ घेऊ नका. मिठाची बरणी जेवायच्या जागेवरून उठवा.

• भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालत असाल तर ते आधी बंद करा. आंबटपणासाठी कोकम, चिंच, लिंबू वापरा. आंबट असले की मीठ कमी लागते.

• ‘कमी सोडियमचे मीठ’ मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते.

सुरुवातीला जेवण अळणी लागेल. जीभ हट्टी असली तरी शिकते. दोन-तीन महिने हळूहळू कमी करत गेलात तर पूर्वीचीच आमटी खारट वाटू लागते.

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला, ही गोष्ट संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला जेवणातली मात्रा ओळखायला सांगितले. राजाने ती गाथा सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती म्हणून दाखवण्याचे काम त्याला दिले. हळूहळू राजाचे ताट आटोपशीर झाले आणि अंग हलके झाले. आपल्या घरी एक सुदस्सन हवा. तो बहुधा घरातच, सहावी-सातवीत शिकत असतो. पिशवीवर तारीख लिहायचे आणि आजोबांचा हात बरणीकडे गेला की टोकायचे काम त्या नातवंडाला द्या.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी उत्तर दिले. ऐकून ती म्हणाली, “म्हणजे पापलेटला जेवढं नको तेवढं तो टाकून देतो. आपल्याला टाकता येत नाही, म्हणून आपण आधीच कमी घ्यायचं.” यापेक्षा सोपे आम्हालाही सांगता आले नसते.